पेटीतली साखर

१

पेटी उघडली आणि आत पिस्तुलाच्या जागी साखर निघाली.

काळ्या फोममध्ये पिस्तुलाच्या आकाराचा खळगा कापलेला, आणि त्या खळग्यात पारदर्शक पिशवीत मूठभर साखर. पिशवीच्या तोंडाला रबराचे दोन वेढे. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या नेमबाजीच्या रेंजवर टेबलाभोवती उभी असलेली चार माणसं त्या साखरेकडं बघत राहिली. २०१७ सालचा दसरा, शनिवारची सकाळ, आणि स्पर्धेची पहिली फेरी सुरू व्हायला जेमतेम अर्धा तास.

"घ्या, तोंड गोड करा!" चारुदत्त म्हणाला आणि एकटाच हसला.

पिस्तुलाचा मालक यशोधन हसला नाही. त्यानं साखरेकडं एकदाच पाहिलं, झाकण घाईनं खाली पाडलं आणि कपाळावरचा घाम पुसला. खोलीतला एसी अंगात हुडहुडी भरेल इतका थंड होता. त्याच्या शेजारी अश्लेषा गळ्यातल्या दोरीची किल्ली मुठीत आवळून उभी होती. ती किल्ली त्या पेटीची होती आणि तिला जोडीदार नव्हता.

चौथी साधना गुप्ते, क्लबची सुरक्षा अधिकारी. वय छप्पन. पोट भरायला ती एका विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासायची. ठोकलेली गाडी बघायची, ठोकणाऱ्याची गोष्ट ऐकायची आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते सांगायचं, असं तीस वर्षं चाललं होतं. क्वीन्सटाउनच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणारी माणसंही आता एकेक करून संपली होती. शनिवार-रविवार खायला उठतात म्हणून तिनं क्लबातलं हे बिनपगारी काम अंगावर घेतलं होतं.

सिंगापुरात खेळाचं पिस्तूलसुद्धा घरी ठेवता येत नाही. ते क्लबाच्या शस्त्रागारात राहतं, आणि एका रेंजवरून दुसऱ्या रेंजवर न्यायचं तर परवाना काढावा लागतो. गाडीतून ते कसं न्यायचं याचे क्लबचे नियम साधनानंच लिहिले होते, आणि ते पाळताना लोक मनातल्या मनात तिच्या नावानं खडे फोडत. पिस्तूल रिकामं, आणि ते रिकामं आहे हे दिसावं म्हणून चेंबरमध्ये केशरी पट्टी. पेटीला कुलूप, पेटी डिकीत. गोळ्या दुसऱ्या गाडीत. गाडीत परवानाधारक माणसं दोन, आणि किल्ली चालवणाऱ्याकडं नाही, दुसऱ्याकडं. वाटेत थांबायचं नाही, अगदी पाणी प्यायलासुद्धा नाही.

काल दुपारी चारला पश्चिमेकडच्या रेंजवर पिस्तूल पेटीत ठेवलेलं साधनानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अश्लेषानं तिच्यासमोर कुलूप लावलं होतं, आणि यशोधनच्या गाडीतून ती दोघं पेटी घेऊन निघाली होती. संध्याकाळी पेटी इथल्या तिजोरीत गेली, आणि ती तिजोरी आज सकाळी साधना आणि शस्त्रागाराचा लिम या दोघांनी आपापली किल्ली लावून उघडली होती. कुलपावर साधा ओरखडा नव्हता.

पोलीस वीस मिनिटांत आले. दारं बंद झाली, स्पर्धा रद्द झाली. इन्स्पेक्टर राशिद मऊ आवाजात बोलणारा माणूस होता, आणि त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटत होती.

"किल्ली फक्त तुझ्याकडे होती?" त्यानं अश्लेषाला इंग्रजीत विचारलं.

"येस."

"कोणाला दिली होती?"

अश्लेषाची नजर क्षणभर हलली. "नो."

"मग संध्याकाळी पाच वाजता तू आमच्याबरोबर येशील. तोपर्यंत पिस्तूल सापडलं तर उत्तम." त्यानं वही मिटली.

२

अश्लेषा सत्तावीस वर्षांची होती. नाशिकची, बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन कंपनीत इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी एम्प्लॉयमेंट पासवर आलेली. पास म्हणजे कंपनीनं दिलेला श्वास. पोलिसांनी नेलं की कंपनी हात झटकणार, पास जाणार, आणि पुढं तुरुंग की नाशिक एवढाच प्रश्न उरणार. या देशात पिस्तुलाच्या बाबतीत थट्टा चालत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

साधनानं तिला कँटीनच्या कोपऱ्यात बसवलं.

"काल काय झालं ते सांग. घाई करू नकोस."

"ताई, आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी निघालो. चार अठराला हायवेला लागलो. चार चाळीसला पाऊस सुरू झाला. पुढं जाम होता. सहा पंचवीसला इथं पोचलो."

साधनानं मान डोलावली. गाड्यांबद्दल खोटं बोलणारी माणसं तिनं आयुष्यभर ऐकली होती. खरं बोलणारा म्हणतो, चार-साडेचारच्या सुमारास. मिनिटांचा हिशेब सांगतो तो आदल्या रात्री पाठ करून आलेला असतो.

"मी आणि लिम गोळ्या घेऊन तुमच्याच पाठोपाठ व्हॅननं निघालो होतो," साधना म्हणाली. "पाऊस आम्हालाही लागला. आम्ही पाच वाजता इथं होतो."

अश्लेषानं चष्मा काढून पुसला.

"दीड तास कुठं होतात?"

"जाम होता, ताई."

"अगं, पाच वाजता ते तुला घेऊन जाणार आहेत. कळतंय ना?"

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि तिनं पुन्हा जामचंच सांगितलं. कँटीनवाल्या रोहानीनं तिच्यासमोर ठेवलेला भात तसाच निवत राहिला. साधनाला तिचा रागही आला आणि दयाही. परक्या देशात एकट्या माणसाला कुणाची तरी बाजू सोडवत नाही, हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. फक्त ती बाजू कुणाची, हे कळायचं होतं.

३

चारुदत्त म्हणजे क्लबचा कायमचा दुसरा नंबर. चार वर्षं तो यशोधनकडून एक-दोन गुणांनी हरत आला होता, आणि दर वेळी दोष वाऱ्याला, चष्म्याला किंवा पंचांना देत होता.

"माझ्यावर संशय आहे ना? असू दे! मी तरी दुसऱ्या कुणावर घेतला असता?" तो म्हणाला. "पण साधनाबाई, पिस्तूल चोरून मी काय करणार? त्याच्याशिवाय जिंकलो तर लोक म्हणणार, यशोधन नव्हता म्हणून जिंकला. माझा तर तोटाच आहे."

ते खरंच होतं.

"काल पेटीला तुम्ही हात लावलात?"

"लावला ना. ही दोघं आली तेव्हा मी दारातच होतो. ती चाकांची बॅग तीन पायऱ्या मीच उचलून वर आणली. भलं करायला गेलो तर... हे बघा बक्षीस." त्यानं कालच्याच पांढऱ्या पँटची मांडी दाखवली. तिच्यावर फिकट गुलाबी आणि पांढऱ्या भुकटीचा पट्टा होता. "चाकांना काय फासलं होतं कोण जाणे. खडू असावा. दोनदा झटकलं तरी जात नाही."

"बॅग जड होती?"

"पेटी, जाकीट, बूट, सगळं आत म्हणजे जड असणार असं वाटलं होतं. पण हलकीच लागली की!"

साधना थबकली. म्हणजे पेटी इथं आली तेव्हाच रिकामी होती. पश्चिमेकडच्या रेंजवर तिनं पिस्तूल पाहिलं होतं. जे काही झालं ते त्या दीड तासात, वाटेत.

यशोधन वेगळ्या खोलीत बसला होता. वय अडतीस, एका बँकेत जोखीम व्यवस्थापक. दुसऱ्यांनी कुठं धोका पत्करू नये हे सांगायचा त्याला भरपूर पगार होता. त्याचा फोन पोलिसांनी ठेवून घेतला होता.

"साधनाताई, कुणीतरी वाईट चेष्टा केली आहे," तो म्हणाला. "ती साखर बघितलीत ना? वजन भासावं म्हणून घातली असणार."

"मूठभर साखरेनं किलोभराच्या पिस्तुलाचं वजन भासतं?"

"मग मला काय माहीत?"

"अश्लेषाला पाच वाजता नेणार आहेत."

तो खिडकीकडं बघत राहिला. "ती तरुण आहे. तिचं काहीतरी होईल," तो सावकाश म्हणाला. मग एकदम, "मला केव्हा सोडतील? अर्धा तास तरी? आज दसरा आहे, आई इथंच चार ब्लॉक पलीकडं एकटी असते. नीता मुलांना घेऊन पुण्याला गेली आहे. आईला भेटून येतो म्हणालो तर देतील जाऊ?"

आईची आठवण काढणारा मुलगा बघून साधनाला जरा बरं वाटलं. तिनं विचारून बघते म्हटलं. राशिदनं अर्थातच नाही म्हटलं, आणि ते ऐकून यशोधननं डोळे असे मिटले की निरोप आणणाऱ्या साधनालाच अपराध्यासारखं झालं.

४

गाडी रेंजच्या आवारात उभी होती. काल संध्याकाळपासून ती हलली नव्हती, कारण आज पहाटेच यायचं म्हणून यशोधन ती इथंच ठेवून ट्रेननं घरी गेला होता. पोलिसांची तपासणी झाल्यावर साधनानं शिपायाच्या देखत डिकीत डोकं घातलं. हे तिचं रोजचं काम होतं.

डिकीच्या रबरी चटईवर बॅगेच्या चाकांचे दोन माग वाळले होते. चिखल होता, आणि चिखलात तीच गुलाबी-पांढरी भुकटी. पश्चिमेच्या रेंजवर गाडी छपराखाली भरली होती, तिथली फरशी कोरडी आणि लखलखीत असते. म्हणजे बॅग वाटेत कुठंतरी उतरली, पावसाच्या पाण्यातून आणि या भुकटीतून चालली आणि पुन्हा डिकीत बसली. साधनानं भुकटी बोटांवर चोळून पाहिली. खडू गुळगुळीत लागतो. ही कचकचीत होती, बारीक वाळूसारखी.

बोटांना ती ओळखीची वाटत होती, डोक्याला आठवत नव्हतं.

चार वाजत आले होते. ती कँटीनमध्ये आली आणि पिशवीतून रोहानीचा निळा डबा काढून तिच्यापुढं ठेवला. गेल्या शनिवारी उरलेलं रेंदांग, म्हणजे मलाय पद्धतीचं मसाल्याचं मटण, रोहानीनं त्यातून बांधून दिलं होतं. रोहानीनं झाकण उघडलं. आत चार बेसनाचे लाडू.

"अय्यो, साधना! एव्हरी टाइम ऑल्सो यू पुट समथिंग. एम्प्टी बॉक्स ऑल्सो कॅन, लाह! व्हाय आह?"

रिकामा डबा दिला तरी चालतो की, दर वेळी काहीतरी घालायचं कशाला, असं ती विचारत होती. साधना नेहमीसारखी हसली. "आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, रोहानी. घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साख..."

तिचा हात लाडवांवरच राहिला.

चोरानं पेटीत काही घातलंच तर दगड घातला असता, पुस्तक घातलं असतं. मूठभर साखरेनं कुणाचाच हात फसत नाही. कारण ती फसवायला घातलीच नव्हती! ज्या कुणी पिस्तूल काढून घेतलं, त्या माणसाला पेटी रिकामी परत पाठवणं जिवावर आलं होतं. आणि ती कचकचीत गुलाबी भुकटी म्हणजे रांगोळी. बॅगेची चाकं कुणाच्या तरी उंबऱ्यापुढच्या रांगोळीवरून गेली होती.

रांगोळी, साखर, पिस्तूल. काल कोणता दिवस होता? काल खंडेनवमी. शस्त्रं पाटावर मांडून पुजायचा दिवस. साधनाला स्वतःची लाज वाटली. सण येतात नि जातात आणि एकट्या माणसाला त्यांचा पत्ता लागत नाही. दहा वर्षांत तिनं दारात रांगोळी काढली नव्हती, म्हणून तर बोटांची ओळख डोक्यापर्यंत पोचली नाही.

इथं चार ब्लॉक पलीकडं कोण राहतं, हे तिला तासाभरापूर्वीच सांगून झालं होतं.

५

"अश्लेषा, यशोधनच्या आईकडं तू काल गेली होतीस?"

"नाही! मी कुठं..." ती दचकून थांबली. "मी नव्हतेच, ताई."

मग बांध फुटला. बुओना व्हिस्टाजवळून जाताना तिच्या लॅबमधून फोन आला. एका फ्रीजरचा अलार्म वाजत होता, नमुने वितळले असते तर वर्षाचं काम पाण्यात. यशोधन म्हणाला, तू उतर, काम करून ट्रेननं ये, मी सावकाश जातो, फाटकाशी भेटू आणि एकत्र आत जाऊ. किल्ली त्यानं मागून घेतली आणि फाटकाशी परत दिली.

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"तो म्हणाला, गाडी सोडलीस हे कळलं तर तुझा पास पहिला जाईल. गप्प बसलीस तर काही सिद्ध होत नाही." ती नाक पुसत म्हणाली. "आणि ताई, दोन वर्षांत मला दिवाळीला घरी बोलावलं ते एकट्या त्यानंच. काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, हातची चकली खाऊन मी रडले होते. त्यांच्याविरुद्ध कशी बोलू?"

साधना तिला घेऊन तडक राशिदकडं गेली. यशोधनला बोलावलं. तिनं एकेक गोष्ट मांडली. दीड तास, हलकी बॅग, चाकांचे माग, रांगोळी, साखर. राशिद मधेच एकदा म्हणाला, "साखर? रिकामा डबा देत नाहीत म्हणून? माझी आजीही तांदूळ घालायची," आणि पुन्हा लिहू लागला.

"पिस्तूल यशोधनच्या आईच्या घरी आहे. पूजेला नेलं होतं ते तिथंच राहिलं," साधना म्हणाली. "आणि हे त्याला सकाळी झाकण उघडताक्षणीच कळलं. आपल्या आईची साखर कुणाला ओळखू येणार नाही? म्हणून तर तो दिवसभर तिकडं जायला बघतोय. पिस्तूल गुपचूप आणून इथंच कुठंतरी सापडलं असं दाखवायचं होतं."

यशोधन टेबलाकडं बघत होता. वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा बँकेतल्यासारखा झाला होता.

"आईकडं असेलही," तो इंग्रजीत म्हणाला. "पण मी नेलं नाही. अश्लेषा बुओना व्हिस्टाला उतरली हे खरं, पण ती बॅग घेऊन उतरली. नेम साधायची पट्टी लॅबमध्ये साफ करते म्हणाली. मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. तिच्या ट्रेनच्या कार्डवर बघा. ती पासिर रिसला केव्हा उतरली आणि रेंजवर केव्हा आली ते बघा. ती आईला ओळखते. आईनं पूजेसाठी मागितलं असेल."

कार्ड तपासलं. अश्लेषा पाच पन्नासला पासिर रिस स्टेशनातून बाहेर पडली होती. रेंज तिथून दहा मिनिटांवर. मधली पंचवीस मिनिटं ती फाटकासमोरच्या बसस्टॉपवर पाऊस बघत बसली होती, आणि ते बघायला दुसरं कुणी नव्हतं. एकटं बसल्याचा साक्षीदार कुठून आणायचा?

"त्या ब्लॉकच्या लिफ्टचा कॅमेरा?" साधनानं विचारलं.

"बंद आहे. आत्ताच विचारलं," राशिद म्हणाला. "आता सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. तिला इंग्रजी येतं?"

"फारसं नाही."

"मग तुम्ही चला. तुम्ही मला शब्दाला शब्द सांगाल, मॅडम. कमी नाही, जास्त नाही."

६

नवव्या मजल्यावरच्या दारासमोर आदल्या दिवशीची रांगोळी होती. तिच्यातून चाकांच्या दोन रेघा आरपार गेल्या होत्या आणि कुणी ती पुसली नव्हती.

दार घंटी वाजायच्या आत उघडलं. सत्तरीपलीकडची, ठेंगणी, इस्त्रीचं लुगडं नेसलेली बाई. तिनं साधनाकडं पाहिलं, मागच्या राशिदकडं आणि महिला शिपायाकडं पाहिलं, आणि त्यांच्याही मागं रिकाम्या कॉरिडॉरमध्ये पाहिलं.

"यशोधन नाही आला?"

"नाही, काकू. मी साधना गुप्ते, त्याच्या क्लबातली. आत येऊ?"

देवघरासमोर पाट होता. पाटावर विळी, कात्री, एक जुना स्क्रू ड्रायव्हर, आणि मधोमध, झेंडूच्या फुलांत, ते पिस्तूल. त्याच्या नळीला कुंकवाचं बोट लागलं होतं. चेंबरमधली केशरी पट्टी जागच्या जागी होती. महिला शिपाई पुढं झाली.

जेवणाच्या टेबलावर दोन ताटं वाढून झाकली होती.

"ह्यांचं रिव्हॉल्व्हर दर वर्षी पाटावर असायचं," काकू म्हणाल्या. "हे साताऱ्याला फौजदार होते. मी महिनाभर यशोधनच्या मागं लागले होते, एकदा तरी तुझं आण. काल आणलं, पण म्हणे पाच मिनिटांत परत न्यायचं. पुजलेलं शस्त्र उत्तरपूजेआधी पाटावरून उचलतात का हो? तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला, तो बाहेर जाऊन बोलत बसला. मी पिस्तूल ठेवलं तसंच आणि पेटी मिटली. त्यानं येऊन नुसती किल्ली फिरवली. शाळेचं दप्तर मीच भरायचे, तेव्हाही कधी उघडून बघायचा नाही."

"आणि साखर?"

"रिकामी पेटी कशी पाठवायची?" त्यांना प्रश्नच समजला नाही.

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "उत्तरपूजेचं निमित्त हो. मला माहीत होतं, पेटी उघडली की त्याला यावंच लागेल. एकाच शहरात राहतो आम्ही. तो बुओना व्हिस्टाला, मी इथं. गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, एकच ट्रेन. जुलैत आला होता, त्यानंतर काल. आज दसऱ्याला येतोस का विचारलं, तर म्हणाला स्पर्धा आहे. म्हटलं, बघू कसा येत नाहीस." त्यांनी वर पाहिलं. "फार मोठं काही झालंय का?"

साधनानं सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही, काही गाळलं नाही. अश्लेषाबद्दल सांगितलं, आणि यशोधन काय म्हणाला तेही. सांगताना तिला स्वतःचा आवाज नकोसा झाला.

राशिद टेबलापाशी उभा राहून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, त्यांना विचारा. हे पिस्तूल या घरात कोणी आणलं?"

साधनानं विचारलं.

काकूंनी राशिदकडं पाहिलं. मराठीत हळूच म्हणाल्या, "ह्या साहेबाला आपलं बोलणं कळत नाही ना?"

"नाही."

"काय सांगितलं तर तो सुटेल?"

तीस वर्षांत लोकांनी साधनाला पुष्कळ प्रश्न विचारले होते, पण इतका उघडा कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "मुलीनं आणलं म्हणालात तर तो सुटेल, काकू."

"आणि ती?"

"ती तुरुंगात जाईल."

"अश्लेषाच ना? दिवाळीत आली होती ती? उंच, चष्मेवाली?" काकूंनी टेबलावरच्या झाकलेल्या ताटांकडं पाहिलं. "तिला आई आहे?"

"आहे. नाशिकला."

"तिची आई तिथं वाट बघत असेल."

खाली मैदानात मुलं फुटबॉल खेळत होती, त्यांचा गलका नवव्या मजल्यापर्यंत येत होता. राशिदनं घड्याळाकडं पाहिलं. काकू उठल्या, लुगडं नीट केलं आणि साधनाला मधे न घेता, त्याच्याकडं बघून, जमेल तशा इंग्रजीत म्हणाल्या,

"माय सन. अलोन. नो गर्ल."

राशिदनं साधनाकडं पाहिलं.

"तिचा मुलगा घेऊन आला. एकटा. मुलगी नव्हती," साधनानं इंग्रजीत सांगितलं.

"त्यांना म्हणावं, हेही लिहा," काकू मराठीत म्हणाल्या. "ठेवून मी घेतलं. काल तो इथून गेला तेव्हा त्याला माहीत नव्हतं. त्यानं चोरी केली नाही." साधनानं तेही शब्दाला शब्द सांगितलं. राशिदनं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि काकूंनी शाळेतल्या मुलीसारखी ठसठशीत देवनागरी सही केली. उद्या त्यांनाही ठाण्यावर यावं लागेल, असं तो म्हणाला. मग त्यानं फोन काढून रेंजवर निरोप दिला. अश्लेषानं गाडी सोडली होती, तिचा नेमबाजीचा परवाना जाणार होता. बाकी कुणी तिला हात लावणार नव्हतं.

दारापर्यंत गेल्यावर काकूंनी साधनाचा दंड धरला.

"आज सोडतील त्याला?"

"नाही, काकू."

"उद्या?"

"मला नाही वाटत."

काकूंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "साहेबांना एवढं विचारा, तिथं त्याला वेळेवर जेवायला देतात का."

साधनानं विचारलं. राशिद बूट घालता घालता थांबला आणि म्हणाला, "येस, आंटी. गॉट फूड."

"देतात," साधना म्हणाली.